आधी वॉर्ड, मग वर्कशॉप

मेडिकल डिव्हाइस डिझाइनमध्ये मास्टर्स करायचंय, तिथे नेमकं काय शिकवतात, करावं का, असे मेसेज मला अधूनमधून येत असतात आणि दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. मी मेकॅनिकल करून मग याच विषयात मास्टर्स केलं, नंतर डिव्हाइसच्या कामातच राहिले आणि आता अशाच एका कोर्सला मुलांना गाइड करते, म्हणजे शिकणं आणि शिकवणं दोन्ही जवळून बघून झालंय.

बऱ्याच जणांना वाटतं की इथे कॅड, थ्रीडी प्रिंटिंग, सेन्सर, सर्किट, हल्ली एआय, असलंच सगळं शिकवत असतील. शिकवतात की. पण ते दुसरीकडेही शिकता येतं आणि कधी कधी इथल्यापेक्षा चांगलं शिकता येतं. या शिक्षणाचं खास जे आहे ते वेगळंच आहे. पेशंटची, सिस्टरची, डॉक्टरची अडचण नक्की काय आहे ते शोधून काढायचं, ती एका वाक्यात लिहायची, आणि ते वाक्य पक्कं होईपर्यंत काही बनवायला घ्यायचं नाही. इंजिनिअरला हे फार जड जातं. आपल्याला चार वर्षं प्रॉब्लेम आयता दिलेला असतो, पुस्तकात छापलेला, आपण फक्त सोडवायचा. इथे प्रॉब्लेमच आपण आणायचा असतो.

ही पद्धत सगळ्यात नावाजली ती स्टॅनफर्डच्या बायोडिझाइन फेलोशिपमुळे. पॉल यॉक आणि जॉश मॅकॉवर यांनी ती २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत उभी केली. यॉक स्वतः हृदयाचे डॉक्टर, अँजिओप्लास्टीत बलून पटकन बदलता येणारा रॅपिड एक्सचेंज कॅथेटर (कॅथेटर म्हणजे शरीरात घालायची बारीक नळी) त्यांचाच. त्यांची मांडणी सोपी आहे, आधी गरज ओळखा, मग शोध लावा, मग तो लोकांपर्यंत पोचवा. टीममध्ये डॉक्टर, इंजिनिअर, बिझनेसवाला असे एकत्र बसवतात आणि दोनशेच्या वर गरजा गोळा करून त्यातली शेवटी एक उरेपर्यंत गाळत जातात. पुढे बऱ्याच देशांतल्या युनिव्हर्सिटींनी आपापल्या परीने हेच उचललं. जॉन्स हॉपकिन्सला एक वर्षाचं मास्टर्स आहे, काही ठिकाणी दोन वर्षांचं, काही ठिकाणी डिग्री न देणारी फेलोशिप. नावं वेगळी, पण गाभा तोच.

पहिल्या टर्मला हॉस्पिटलमध्ये पाठवतात, त्याला क्लिनिकल इमर्शन म्हणतात. ओपीडी, वॉर्ड, आयसीयू, ओटी तर आहेच, पण इन्स्ट्रुमेंट धुऊन स्टरिलाइझ होतात ती सीएसएसडी, मेडिकल स्टोअर, बंद पडलेली मशीन येऊन पडतात ते बायोमेडिकल डिपार्टमेंट, तिथेही. परवानगी घेऊनच उभं राहायचं, पेशंटची ओळख पटेल असं काहीही वहीत उतरवायचं नाही, फोटो नाही, आणि सल्ला द्यायचा नाही. बघायचं आणि लिहायचं. मी मुलांना सांगते की डॉक्टरांच्या मागे फिरा पण त्यांच्याच मागे फिरू नका. डॉक्टर राऊंडला येतात आणि जातात, मशीनशी चोवीस तास झटापट करतात त्या सिस्टर. आणि त्यांना थेट 'तुम्हाला काय अडचण आहे' असं विचारलंत तर उत्तर येतं 'काही नाही हो, सगळं व्यवस्थित आहे', कारण रोजची अडचण कामातच मुरून गेलेली असते. ती बघूनच कळते. कुठे चिकटपट्टी लावलीये, कुठे मार्करने हाताने खूण केलीये, कुठल्या मशीनवर 'हे बटण दाबू नये' असं कागदावर लिहून चिकटवलंय, तिथे थांबायचं. तिथे कोणीतरी आधीच आपल्या परीने उपाय केलेला असतो, म्हणजे अडचण खरी आहे.

एक उदाहरण जरा जवळून सांगते. आयसीयूतल्या पेशंटला बऱ्याचदा लघवीसाठी कॅथेटर घातलेला असतो आणि पिशवी बेडच्या कडेला खाली लटकवलेली असते. ती मूत्राशयाच्या खालीच राहावी लागते, नाहीतर लघवी उलटी जाऊन इन्फेक्शन व्हायचं. पिशवीच्या पुढे प्लास्टिकची एक छोटी पारदर्शक डबी असते, युरोमीटर, तिच्यावर मिलीच्या खुणा. दर तासाला माप वाचायचं, चार्टवर लिहायचं, डबीतलं पिशवीत सोडायचं. ऐकायला काहीच नाही. आता रात्रीची ड्युटी बघा. दिवे मंद केलेले. सिस्टर बेडपाशी गुडघे टेकून बसतात, एका हाताने डबी सरळ धरतात कारण ती जरा तिरकी झाली तरी आकडा बदलतो, दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च, मान वाकडी करून डोळे खुणेच्या रेषेत आणतात, आकडा पुटपुटत उठतात, ग्लोव्ह काढतात, हात स्वच्छ करतात, मग चार्ट. तेवढ्यात शेजारच्या बेडचा अलार्म वाजला की आधी तिकडे. मग हे माप वीस मिनिटं उशिरा घेतलं जातं पण चार्टवर रकाना तासाचाच असतो, त्यामुळे ते त्या तासातच बसतं. यात सिस्टरची काही चूक नाही, एवढ्या कामात दुसरं कोणीही असतं तरी हेच झालं असतं.

आणि हा आकडा काही शोभेचा नाही. किडनीला मार बसतोय का हे ओळखायच्या केडीआयजीओ या किडनीच्या आजारांवर मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निकषांत, वजनाच्या दर किलोमागे तासाला ०.५ मिलीपेक्षा कमी लघवी सलग ६ तास झाली की अक्यूट किडनी इन्जुरीची पहिली पायरी धरतात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला तासाला ३५ मिली. तीस की चाळीस, यावर पुढचे निर्णय फिरू शकतात, आणि तो आकडा टॉर्चच्या उजेडात वाचलेला असतो.

हे बघून आलेला विद्यार्थी वहीत काय लिहितो? 'युरोमीटरला एलईडी लाइट पाहिजे.' हमखास. मग त्याला विचारायचं की हा तर उपाय झाला, गरज कुठेय. मग तो लिहितो 'अंधारात माप वाचता यायला हवं'. बरं, पण दिवसा डबी तिरकी असते त्याचं काय, उशिरा घेतलेल्या मापाचं काय. मग हळूहळू वाक्य बनत जातं. गरजेच्या वाक्यात तीन गोष्टी असाव्या लागतात, अडचण काय, कोणाची, आणि ती सुटली तर मोजता येईल असं काय बदलेल. 'आयसीयूत कॅथेटर असलेल्या पेशंटच्या तासातासाच्या लघवीची अचूक नोंद व्हावी, म्हणजे किडनीचा बिघाड लवकर ध्यानात येईल' हे एक वाक्य. 'तीच नोंद हाताने करावी लागू नये, म्हणजे सिस्टरचा दर शिफ्टमधला वेळ वाचेल' हे दुसरं. 'माप घेताना नळी आणि पिशवीची बंद सिस्टिम उघडावी लागू नये, म्हणजे इन्फेक्शन कमी होईल' हे तिसरं. वॉर्डातलं दृश्य एकच आहे, पण तिन्ही वाक्यं तीन वेगळ्या डिव्हाइसकडे नेतात, तिन्हींचा पुरावा वेगळा लागतो, विकत घेणारा माणूससुद्धा वेगळा. पहिल्यासाठी डॉक्टरला पटवावं लागेल आणि त्यात पुन्हा प्रश्न आहेच, की बिघाड लवकर कळला तर डॉक्टर वेगळं काय करणार आहेत. दुसऱ्यासाठी नर्सिंगच्या प्रमुखांना. तिसऱ्यासाठी इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना. या तीन वाक्यांवर वर्गात अख्खी दुपार भांडून झालेली मी पाहिलीये आणि मला विचाराल तर ती दुपार वर्कशॉपमधल्या महिन्यापेक्षा जास्त शिकवते.

'कोणाची' हा शब्द तर फार जपून लिहावा लागतो. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचंच घ्या. १९७४ मध्ये जपानमधल्या निहोन कोडेन कंपनीच्या ताकुओ आओयागींनी त्यामागचं तत्त्व मांडलं, पुढे जगभर ते क्लिपवालं यंत्र पसरलं, अफाट उपयोगी गोष्ट. पण बोटातून जाणारा प्रकाश त्वचेच्या रंगावरही अवलंबून असतो, आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या पेशंटचा अभ्यास आला, त्यात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली असल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के आणि गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के निघालं. इतकी वर्षं वापरात असलेलं यंत्र. सावळ्या, काळ्या त्वचेची माणसं तर जगात बहुसंख्य आहेत. टेस्टिंगला कोणाला बसवलं, कोणाला नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवायला शिकवलं पाहिजे ते यासाठी.

मग गाळणी लागते. किती जणांना हा त्रास आहे, आज त्यावर काय करतात, ते का पुरत नाही, पैसे कोण देणार, निर्णय कोण घेणार, मंजुरीला किती वर्षं लागतील. मुलांची आवडती गरज इथेच गळते आणि त्यांना मनापासून वाईट वाटतं, कारण त्या पेशंटचा चेहरा डोळ्यांसमोर असतो. मी त्यांना घाई करत नाही. पण गाळावं लागतंच, नाहीतर दोन वर्षं अशा गोष्टीवर जातात जी शेवटी कपाटात पडते.

वॉर्डात उभं राहून शोध लागतो याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे थॉमस फोगार्टी. हा माणूस पोरसवदा वयात हॉस्पिटलमध्ये कामाला लागला, पुढे ऑपरेशनमध्ये इन्स्ट्रुमेंट हातात देणारा स्क्रब टेक्निशियन झाला. तेव्हा पायाच्या धमनीत गुठळी अडकली की मोठी चिरफाड करून ती काढायचे, त्यात कित्येकांचा पाय जायचा, कित्येक दगावायचे. हे त्याने जवळ उभं राहून बघितलं होतं. मेडिकलला असताना त्याने सर्जनच्या लेटेक्स ग्लोव्हच्या बोटाचं टोक कापलं आणि बारीक कॅथेटरच्या टोकाला बांधलं. लेटेक्स त्या प्लास्टिकला चिकटवता येत नव्हतं, म्हणून मासे पकडायचा गळ बांधताना शिकलेल्या गाठी त्याने वापरल्या. छोट्या छेदातून कॅथेटर गुठळीच्या पलीकडे सरकवायचा, टोकाचा फुगा फुगवायचा आणि ओढून घ्यायचा, गुठळी बाहेर. १९६१ मध्ये पहिल्यांदा पेशंटवर वापरला गेला आणि आजही फोगार्टी कॅथेटर याच नावाने ओटीत मागतात. मटेरिअल जवळ पडलेलंच होतं. काय अडतंय हे त्याने वर्षानुवर्षं बघितलं होतं हे महत्त्वाचं.

अलीकडचं हवं असेल तर छातीवर चिकटवायचा झिओ पॅच. हृदयाचे ठोके मधूनच चुकतात, डॉक्टरकडे जावं तर तेव्हा ईसीजी अगदी नॉर्मल. होल्टर म्हणजे सतत ईसीजी टिपणारं यंत्र लावलं तर साधारण २४ ते ४८ तास, वायरी आणि डबा अंगावर, आंघोळीची पंचाईत. स्टॅनफर्डचे बायोडिझाइन फेलो उदय कुमार यांनी यावर काम केलं, २००६ मध्ये आयरिदम कंपनी निघाली आणि १४ दिवसांपर्यंत अंगावर राहणारा वायर नसलेला पॅच आला. गरजेच्या वाक्यात 'जास्त दिवस' आणि 'पेशंटने मधेच काढून टाकू नये' हे दोन्ही होतं की नाही ते बघा म्हणजे पॅचचा आकारही कळतो.

प्रोटोटाइपबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर नेटवर ढीगभर आहे. पुठ्ठा, फोम, चिकटपट्टी, सिरिंज, याने सुरुवात करा आणि लवकर दाखवा, एवढंच.

रिस्क आणि रेग्युलेशनचा पेपर मात्र लोक रटाळ समजतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्यात आंतरराष्ट्रीय मानकं असतात, आयएसओ १३४८५ म्हणजे क्वालिटी सिस्टिम, आयएसओ १४९७१ म्हणजे रिस्क मॅनेजमेंट, आयईसी ६०६०१ विजेवर चालणाऱ्या उपकरणांची सुरक्षा, आयईसी ६२३०४ सॉफ्टवेअर. हे नंबर पाठ करायचे नसतात, प्रत्येकामागे माणसं गेलेली आहेत हे समजून घ्यायचं असतं. थेराक-२५ नावाचं कॅन्सरच्या रेडिएशनचं मशीन होतं. १९८५ ते १९८७ मध्ये त्याने किमान सहा पेशंटना भयंकर जास्त डोस दिला, काही त्यातच गेले. आधीच्या मॉडेलला चुकीच्या स्थितीत बीम सुरूच होऊ न देणारी हार्डवेअरची अडवणूक होती, ती यात काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. ऑपरेटरने स्क्रीनवर चटकन दुरुस्ती केली की सॉफ्टवेअरमधल्या दोन क्रिया एकमेकींच्या पुढेमागे व्हायच्या, आणि स्क्रीनवर काय यायचं तर 'मालफंक्शन ५४'. त्याचा अर्थ कोणाला कळणार? असे मेसेज दिवसभर येतच असत, त्यामुळे पुढे चालू ठेवायचं बटण दाबायची सवय झाली होती. हे प्रकरण वर्गात शिकवताना मी स्लाइड घाईने पुढे सरकवत नाही.

आयएसओ १४९७१ मध्ये धोका कमी करायचा एक क्रम सांगितलाय आणि तो मला फार पटतो. आधी डिझाइनच असं करा की धोका उरणार नाही, ते जमत नसेल तर संरक्षण बसवा, आणि अगदी शेवटी सूचना, लेबल, ट्रेनिंग. विद्यार्थी नेमके उलटे जातात, 'मॅन्युअलमध्ये लिहू की, असं करू नये म्हणून'. पहाटे चार वाजता मॅन्युअल कोण उघडतं? सलाइनची नळी, नाकातून पोटात जाणारी फीडिंगची नळी, पाठीच्या कण्यातली भुलीची नळी, या सगळ्यांना वर्षानुवर्षं लुअर नावाचा एकच कनेक्टर, म्हणजे नळी जोडायचा तोच एक सांधा असायचा, कुठलीही कुठेही बसायची, आणि त्यामुळे दूध शिरेत गेल्याच्या घटना घडल्यात. कितीही लेबलं लावली तरी थांबेना. शेवटी आयएसओ ८०३६९ ही मालिका आली, प्रत्येक कामाला वेगळ्या मापाचा कनेक्टर, चुकीचा बसतच नाही. ही खरी डिझाइनची सुधारणा.

तसंच युजेबिलिटीचं, म्हणजे वापरणाऱ्याला ते चुका न करता वापरता येतं का याचं. डिव्हाइसना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या २०१६ च्या मार्गदर्शनात शेवटच्या चाचणीला प्रत्येक प्रकारच्या वापरणाऱ्यांपैकी निदान १५ जण घ्या असं आहे. म्हणजे नर्स १५, घरी वापरणार असतील तर पेशंट वेगळे १५. वर्गमित्रांना वापरायला देऊन 'सगळ्यांना जमलं' म्हणणं चालत नाही.

आणि हॉस्पिटल म्हणजे एकाच प्रकारचं नसतं. पेरी आणि माल्किन या संशोधकांनी २०११ मध्ये साधनं कमी असलेल्या देशांतल्या हॉस्पिटलांमधली मशीन तपासलेल्या नोंदी एकत्र केल्या तर जवळपास ४० टक्के मशीन बंद आढळली. वीज, सुटे भाग, माणसं, कशाचा तरी मेळ नसतो. अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी केलेलं बबल सीपॅप हे बाळांना श्वासाला मदत करणारं यंत्र यासाठी बघण्यासारखं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात हवेचा थोडा दाब टिकवून ठेवावा लागतो. हवा बाळाच्या नाकापाशी जाते आणि पलीकडच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. नळी ६ सेंटिमीटर बुडवली की दाब ६ सेंटिमीटर पाण्याइतका, मोजायला महागडं काही लागत नाही आणि बुडबुडे येतायत म्हणजे दाब आहे हे लांबूनही दिसतं. सुरुवातीच्या मॉडेलला फिश टँकचे पंप होते. मलावीतल्या ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये ते वापरून बघितलं, आणि २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात सीपॅपवरची ७१ टक्के बाळं वाचली, नुसत्या ऑक्सिजनवरची ४४ टक्के. अभ्यास लहान होता आणि चिठ्ठ्या टाकून गट केलेले नव्हते, त्यामुळे आकडा जपून वाचावा, पण विद्यार्थ्यांचं काम इथपर्यंत जाऊ शकतं हे मात्र खरं.

याच्या शेजारी निओनर्चर ठेवा. गाडीच्या सुट्या भागांपासून बनवलेला इनक्युबेटर, हेडलाइटची ऊब, म्हणजे दुरुस्ती गॅरेजवालाही करेल. टाइम मासिकाने २०१० मध्ये पन्नास उत्तम शोधांत घेतला. पण तो बनवणारं, विकत घेणारं कोणी पुढे आलं नाही. त्याच डिझाइन दॅट मॅटर्स या संस्थेने मग काविळीच्या बाळांसाठी फायरफ्लाय नावाचं निळ्या उजेडाचं यंत्र केलं, आणि या वेळी बनवणारी आणि वाटणारी मंडळी आधीपासून सोबत घेतली. वॉर्डात एका दिव्याखाली तीन-तीन बाळं ठेवतात हे त्यांनी बघितलं होतं, म्हणून ते यंत्र मुद्दाम एवढं लहान केलं की एकच बाळ मावेल. 'एका वेळी एकच बाळ ठेवा' ही पाटी लिहायची गरजच उरली नाही.

हे सगळं सांगायचं कारण, हल्ली काही ठिकाणी इमर्शन दोन आठवड्यांवर आणलंय आणि उरलेला वेळ हॅकॅथॉन, पिच कॉम्पिटिशन, स्टार्टअप वगैरेत जातो. मला हे अजिबात पटत नाही. शनिवार-रविवारात बनवलेलं काहीतरी स्टेजवर दाखवता येतं, त्यावर टाळ्याही मिळतात, पण रात्रपाळी बघितल्याशिवाय गरज सापडत नाही. हॉस्पिटललाही त्रास असतो हे मान्य, गर्दीत अजून चार पोरं उभी. पण तो करार कॉलेजने हॉस्पिटलशी नीट करायचा असतो, आणि सिस्टरना त्यांच्या वेळेचं श्रेय द्यायचं असतं, पेपरवर, पेटंटवर नाव. हे फार कमी ठिकाणी होतं आणि झालं पाहिजे.

म्हणून कोर्स निवडताना लॅबचे फोटो बघू नका. विचारा की वॉर्डात किती आठवडे, त्यात रात्री किती, सोबत कोण असतं, गाइडमध्ये नर्स आहे का, गरज गाळताना बाहेरचं कोण बसतं, प्रोजेक्ट कोर्स संपल्यावर कोणाच्या मालकीचा. आणि जुने विद्यार्थी काय करतात ते विचारा. सगळे कंपनी काढत नाहीत, बहुतेक जण डिव्हाइस कंपन्यांत आर अँड डी, क्वालिटी, रेग्युलेटरीत जातात, काही हॉस्पिटलमध्ये खरेदीच्या किंवा बायोमेडिकलच्या बाजूला. मला ते कमी वाटत नाही. ज्याला वॉर्ड ठाऊक आहे असा माणूस खरेदीच्या टेबलावर बसला की पुढची दहा वर्षं त्या वॉर्डाला फरक पडतो.

दोघीतिघींनी विचारलंय की आम्ही नर्सिंग, फिजिओथेरपी केलंय, कोडिंग येत नाही, कॅड येत नाही, आम्हाला घेतील का. बऱ्याच ठिकाणी घेतात, प्रवेशाच्या अटी तेवढ्या बघून घ्या. आणि अर्जात सॉफ्टवेअरच्या नावांची यादी देण्यापेक्षा कामावर बघितलेली एक अडचण लिहा, कोणाला होते, कधी होते, दिवसातून किती वेळा होते, त्याने काय बिघडतं, आज त्यावर तुम्ही सगळ्या मिळून काय करता. आमच्याकडे अर्ज आले की मी तोच उतारा आधी वाचते.